पाहण्याचा दिवस

मायेपोटी कोणी आपल्यापासून काही दडवले, तर ते उघड करणे हा धर्म, की ते तसेच झाकलेले राहू देणे हा धर्म, याचा निवाडा शास्त्रकारांनीही एका वाक्यात केलेला नाही. उघड करावे, तर दडवणाऱ्याचे सारे श्रम मातीला मिळतात. झाकून ठेवावे, तर तो त्या ओझ्याखाली एकटाच उरतो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका साध्या माणसापुढे हा प्रश्न एका दुपारी अचानक उभा राहिला. त्या वेळी त्याच्या हातात खेळाचा कंट्रोलर होता, समोर टीव्हीचा पडदा काळाकुट्ट होता आणि शेजारी बसलेली त्याची थोरली बहीण समाधानाने म्हणत होती, "थांब. आलं. आता दिसतंय."

पडद्यावर काहीच आले नव्हते.

ही बहीण, त्याची ताई, इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली होती. उभा जन्म तिने सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून काढला. काचेच्या पट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात काय बिनसले आहे, ते ती शोधून देई. धाकटा लिफ्टच्या कंपनीत होता. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवले. पुढे लग्नाचे दोघांचेही राहून गेले. का राहिले, ते आता दोघांनाही नीट सांगता आले नसते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता, आणि त्या संसाराला बाहेरच्या कुणाला ठाऊक नसलेली एक खिडकी होती: खेळ.

या खेळाची सुरुवात एका अपघाताने झाली होती. लिफ्टच्या खड्ड्यात घसरून धाकट्याचा पाय मोडला आणि त्याला बरेच दिवस अंथरुणावर काढावे लागले. कुणीतरी वेळ घालवायला म्हणून खेळाचे यंत्र आणून दिले. त्यात एक जादूचा देश होता, डोंगर आणि दऱ्या होत्या, बोलणारी झाडे होती, आणि भटकणारा एक वाटसरू होता, जो खेळणाऱ्याच्या बोटांवर चाले. ताई कामावरून आली, की भाजी निवडायला तिथेच बसे. पहिले दोन दिवस तिने नाके मुरडली. तिसऱ्या दिवशी मान वर न करता म्हणाली, "त्या पुलावरून जाऊ नकोस. पलीकडची बाई खोटं बोलतेय." आणि ती बाई खरोखरच चेटकीण निघाली.

तेव्हापासून घराचा नियम ठरला. हात धाकट्याचे, निर्णय ताईचा. कंट्रोलर तिने कधी हाती घेतला नाही. ती म्हणे, माझी बोटं दिवसभर सूक्ष्मदर्शकाची चाकं फिरवतात, त्यांना घरी तरी सुट्टी दे. कुणाला अभय द्यायचे, कोणती वाट धरायची, राजाला खरे सांगायचे की नाही, हे सारे ती ठरवी, आणि तो निमूटपणे बोटे चालवी.

दुसरा नियम असा, की नवा खेळ आला, की पहिला दिवस पाहण्याचा. त्या दिवशी शस्त्र उपसायचे नाही, कुणाच्या कामाला जायचे नाही, नुसते हिंडायचे. मग खेळ थांबवून चहा करायचा आणि कुणी काय काय टिपले, ते एकमेकांना विचारायचे. त्यात ताईच जिंके. वळचणीचे घरटे तिला दिसे, पहारेकऱ्याच्या पायांतले दोन वेगवेगळे जोडे दिसत. धाकट्याला रस्ता तेवढा दिसलेला असे.

त्या देशाच्या कथेचा मागचा भाग एका विशाल नदीच्या काठाशी येऊन संपला होता. पलीकडे 'नऊ नद्या' नावाचा प्रदेश आहे, एवढेच सांगून खेळ करणाऱ्यांनी पडदा पाडला. पुढे वर्षे गेली. तारीख जाहीर झाली, पुढे ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली. अधूनमधून एखादी छोटीशी झलक येई. काळे पाणी, दूरवर दिवे, कुणा स्त्रीचा गाण्यासारखा हुंकार. धाकटा ती ताईला दाखवी, आणि ती म्हणे, "अजून एकदा लाव." पुन्हा लावली, की पुन्हा, "अजून एकदा." त्याला वाटे, ही माझ्यापेक्षाही अधीर झाली आहे.

वाट पाहण्यातही त्यांचे एक सुख होते. रात्रीची जेवणे आटोपली, की वाद सुरू होई, या वेळी वाटसरू कोण घ्यायचा? धाकट्याला खड्गधारी हवा होता. ताईला वनवैद्य. तो म्हणे, एवढी वर्षं तुझं ऐकून मुळ्याच गोळा केल्या, आता मला एकदा तलवार चालवू दे. ती म्हणे, जन्मभर लोखंडाच्या दोऱ्या ओढल्यास, अजून हौस फिटली नाही का? शेवटी तह झाला. वनवैद्यच घ्यायचा, मात्र त्याच्या कमरेला एक सुरी असेल.

अखेर नवा भाग आला. त्या दुपारसाठी त्याने रजा टाकली, तेव्हा कामावरच्या जोडीदाराने विचारले, या वयात लग्नबिग्न ठरलं की काय. धाकटा म्हणाला, त्याहून मोठं काम आहे. जोडीदाराला तो विनोद वाटला.

आणि आता ते दोघे पडदे ओढून बसले होते. खेळ सुरू होण्याआधी एक छोटा विधी असतो. पडदा पूर्ण काळा होतो, त्यावर एक फिकट चिन्ह असते, आणि ते जेमतेम दिसू लागेल इतकाच उजेड वाढवा, अशी सूचना येते. हे काम या घरात ताईच्या डोळ्यांचे होते. धाकटा अंधारापासून आरंभ करून हळूहळू उजेड वाढवी, आणि त्याला काहीही दिसण्याआधी तिचे "थांब" येई.

आज तिचे "थांब" नेहमीच्या वेळीच आले. पण धाकट्याच्या लक्षात आले, की कंट्रोलरचा दिवाच विझलेला आहे. मघा चहाचे कप उचलण्यात वेळ गेला तेवढ्यात तो आपोआप बंद पडला होता. त्याने दाबलेले एकही बटण पोचले नव्हते. उजेड तसूभरही वाढला नव्हता. अंधार होता तसाच होता, आणि ताई त्या अंधाराकडे पाहून प्रसन्न चेहऱ्याने म्हणत होती, की आता दिसतंय.

तो हलला नाही. गेल्या वर्षभरातल्या साध्या साध्या गोष्टी एकामागून एक त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. ती बोलणाऱ्याकडे तोंड न करता जराशी तिरकी बसे. मान धरली आहे म्हणे. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवी. वर्तमानपत्र त्याला वाचायला लावी. तुझ्या आवाजात बातमी बरी वाटते म्हणे. आणि ती झलक, अजून एकदा, अजून एकदा. ती अधीर झाली नव्हती. उरलेल्या नजरेने आणि शाबूत कानांनी ती तो प्रदेश पाठ करत होती, ऐन वेळी भावाचा विरस होऊ नये म्हणून. लिफ्टची कुरकुर जिन्यातून ऐकून दोष सांगणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातली एवढी मोठी गोष्ट ऐकू आली नव्हती.

विचारावे, तर तिने वर्षभर जपलेले सारे क्षणात तिच्या हातून काढून घेतल्यासारखे होणार. न विचारावे, तर पुढचे कितीतरी दिवस ती शेजारी बसून न दिसणाऱ्या पक्ष्यांचे कौतुक करत राहणार.

त्याने कंट्रोलर चालू केला. उजेड आपल्याच अंदाजाने बेताचा लावला आणि म्हणाला, "ताई, आज मी जरा बडबडणार आहे. हसू नकोस."

"तू? बडबडणार?" ताई म्हणाली. "बोल बाबा, कधी नव्हे ते."

देश उघडला. धाकट्याने वाटसरूला दोन पावले चालवून उभे केले आणि तोंड उघडले. पण शब्द येईनात. आयुष्यात त्याने वर्णन असे कशाचे केलेच नव्हते. पाणी आहे, म्हणाला. मोठं आहे. मग थांबला. मग म्हणाला, वर आकाश आहे, पिवळं.

"कसलं पिवळं?"

तो पाहू लागला. खरोखर पाहू लागला. "वरच्या मजल्याचं दार उघडं राहिलं, की लिफ्टच्या खड्ड्यातून वर बघताना पट्टी दिसते ना उजेडाची, धूळ तरंगत असते तिच्यात? तसं पिवळं. फक्त आडवं, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

ताईने डोळे मिटले.

तो पुढे बोलत राहिला. काठावर दगडी पायऱ्या आहेत, मधोमध झिजलेल्या. म्हणजे माणसं दोन्ही बाजूंनी नाही, मधूनच उतरत आली. भिंतीवर शेवाळ आहे. ताईने विचारले, ओलं की वाळलेलं? त्याने वाटसरूला भिंतीपाशी नेले. खाली ओलं, वर वाळलेलं, तो म्हणाला, आणि त्याचे त्यालाच नवल वाटले. एवढ्या खेळांत त्याने भिंतीजवळ जाऊन कधी पाहिले नव्हते. एका वाशावर पक्षी बसला होता. तो उडेपर्यंत धाकटा त्याच्याविषयी बोलत होता: गळ्याखालचा रंग, एक पाय वर धरण्याची ढब, पाण्यात पडलेले त्याचे उलटे रूप.

"कधी कळलं तुला?" ताईने विचारले.

"मघाशी. उजेड लावताना."

"चुकले होय मी?"

"कंट्रोलरच बंद होता."

ताई हसली. हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. मग सांगितले, ते अगदी थोडक्यात, इस्पितळातल्या अहवालासारखे. नजरेचा मधला भाग गेला आहे, कडा तेवढ्या राहिल्या आहेत, परत येण्यासारखे नाही, डॉक्टर ओळखीचेच आहेत, त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. धाकट्याला सांगायचे तिच्या मनात होते. पण तो इतकी वर्षे या खेळाची वाट पाहत होता. "म्हटलं, खेळ संपला की सांगू."

"ताई, हा खेळ वर्षभर संपायचा नाही."

"म्हणून तर बरं होतं," ती म्हणाली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, की आता त्याने एकट्यानेच खेळावे. निर्णयही त्यानेच घ्यावेत; ती आतल्या खोलीत पडून ऐकत राहील. हवी तर तलवारही घे, म्हणाली. ती उठूही लागली.

नेमके तेव्हा पायऱ्यांच्या तळाशी एक नाव येऊन लागली. नावेत एक म्हातारी होती. "पलीकडे जायचंय का, वैद्या?" तिने विचारले. पडद्यावर उत्तरे उमटली. धाकट्याने ती मोठ्याने वाचली: नावेत बसावे, पुलाची वाट विचारावी, किंवा वल्ही आपल्या हाती मागून घ्यावीत. मग त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. म्हातारी थांबून राहिली. पाणी पायऱ्यांवर आपटत होते.

"दाब ना काहीतरी," ताई उभ्यानेच म्हणाली.

"हात माझे, निर्णय तुझा."

"धाकट्या, मला दिसत नाही रे."

"मी सांगतो काय दिसतं ते. ठरवायचं तूच. मला नाही जमायचं ते. मी तुझ्याशिवाय त्या चेटकिणीच्या पुलावरून गेलो असतो आणि तिथंच मेलो असतो."

ताई तशीच उभी होती. म्हातारीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. ताईची मान किंचित कलली. वर्षानुवर्षे काचेवर वाकणारी तीच मान. पण आता ती कानाच्या बाजूला झुकली होती.

"हिला दम लागतोय," ती हळूच म्हणाली. "वाक्य संपताना बघ, श्वास अर्ध्यातच तुटतोय. छाती भरलीय तिची. आपण बसायचं आणि हिनं ओढायचं, असं कसं? वल्ही माग तिच्याकडून."

धाकट्याने बटण दाबले. म्हातारी सरकून बसली आणि वल्ही वाटसरूच्या हाती आली. नाव काठापासून सुटली. ताई पुन्हा आपल्या जागी येऊन बसली, या वेळी तिरकी नव्हे, सरळ. आपण कुठे पाहतो याचा हिशेब आता ठेवण्याचे कारण उरले नव्हते.

तो सांगत राहिला. काठ मागे गेला, पायऱ्या लहान झाल्या, दिव्यांची एक ओळ उजवीकडे दिसली आणि विझली. मग पाण्यावरून काहीतरी पांढरे सरकत आले. आधी नावेचे टोक नाहीसे झाले, मग म्हातारी, मग वाटसरूचे हातही. धाकटा बोलायचा थांबला.

"आता काय दिसतंय?" ताईने विचारले.

"काहीच नाही. सगळं धुकं आहे. पांढरं, दाट."

"मध्ये दाट आणि कडेला जरासं विरळ?"

त्याने नीट पाहिले. "हो. तसंच."

"मग आपल्या दोघांना सारखंच दिसतंय," ताई म्हणाली, आणि पाय वर घेऊन निवांत बसली.

वल्ह्यांचा आवाज एका लयीत येत राहिला. बाहेर दुपार कलली होती. कुणी चहाला उठले नाही, कुणी काय टिपले ते विचारले नाही. ती नाव सुखरूप पलीकडे लागो. पण फार लवकर न लागो. त्या दोघांना एकमेकांचा आवाज पुरून उरो, आणि ज्यांनी ज्यांनी मायेपोटी काही एकट्याने वाहिले आहे, त्या सर्वांच्या शेजारी वल्ही मागून घेणारे कुणीतरी असो.