वक्रतेपुढचं चिन्ह

नवऱ्याच्या हातातून चमचा पुन्हा पडला, तेव्हा उणेबाईंनी तो उचलला, धुतला आणि परत त्याच्या उजव्या हातात दिला. भरवायचं नाही, त्यांचं त्यांना खाऊ द्या, असं व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईनं बजावलं होतं. सांगायला तिचं काय जातंय? वाकून वाकून इकडे कंबरडं मोडलं होतं.

उणेबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. नवऱ्याचं अधिकसर. दोघंही भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आता निवृत्त. विश्वाची समीकरणं मांडताना काळाला एक चिन्ह द्यायचं असतं आणि अवकाशाला त्याच्या उलटं. कुठलं कुणाला, हे ज्यानं त्यानं ठरवावं. विश्वाला त्याचं सोयरसुतक नाही. बाई अवकाशाला उणे देत, सर अधिक. संसारात पडद्यांपासून मुलीच्या नावापर्यंत सगळ्यावर तडजोड झाली, चिन्हावर नाही. लेख एकत्र लिहायचा तर सर आपला भाग आपल्याच पद्धतीनं लिहीत, आणि बाई तोंडाचा पट्टा चालू ठेवून त्यातलं एकेक चिन्ह फिरवत.

आताचा लेख बहुधा शेवटचाच. गुरुत्वाकर्षण मुळात नव्हतंच, असं दोघांचं म्हणणं. सुरुवातीला एक क्षेत्र होतं, सगळ्या बाजूंनी सारखं, उतरंडीच्या टोकावर ठेवलेल्या लोट्यासारखं. ते कुठल्या तरी एका बाजूला कललं आणि ती सममिती मोडली. कलता कलता विश्व अफाट फुगलं, आणि ते जिथं स्थिरावलं तिथं ओढ किती असावी हे ठरलं. फुगण्याचा भाग बाईंचा, ओढीचा सरांचा. तो त्यांनी मेंदूच्या झटक्यानंतर, डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप केला होता.

"हात गेला तर गेला," ते म्हणाले होते, "पण डोकं शाबूत आहे की नाही, ते या लेखावरून कळेल."

आणि आज सकाळी परीक्षकाचा अभिप्राय आला होता. वक्रतेच्या, म्हणजे ओढ ठरवणाऱ्या पदापुढचं चिन्ह चुकलं आहे; या विश्वात गुरुत्वाकर्षण ओढत नाही, ढकलतं. खाली सोडलेली वस्तू छताला जाऊन चिकटेल, असंही त्या गृहस्थानं लिहिलं होतं. विनोद सुचायला वेळ बरा मिळतो लोकांना.

वक्रतेचं पद सरांच्या भागातलं.

"काय म्हणतोय परीक्षक?" सरांनी पलंगावरून विचारलं. शब्द अजून जड येत होते.

"बघत्येय. खा तू."

"माझं चुकलंय?"

"खा म्हटलं ना!"

बाई संगणकापुढे जाऊन बसल्या. चिन्ह गुपचूप दुरुस्त करावं आणि परीक्षकाला आवडलं म्हणून थाप मारावी, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण या माणसाला थाप पचायची नाही. छापलेला लेख तो ओळ न् ओळ वाचणार, आणि मग कळेलच. खरं सांगायचं, तर तुझं डोकंही गेलं असं सांगण्यासारखं. बाईंना इतका थकवा आला की टेबलावर डोकं टेकून तसंच झोपावंसं वाटलं.

शेवटी त्यांनी सरांनी पाठवलेली मूळ फाइल उघडली. ती आली तेव्हा त्यांनी नीट वाचली नव्हती. चादरी, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या; वाचायला त्राण कुठे होतं? जन्मभराच्या सवयीनं चिन्हं तेवढी फिरवली होती.

पहिल्या समीकरणावरच त्यांची नजर अडली. त्यांनी पुढचं पाहिलं, मग त्याच्या पुढचं. सगळी चिन्हं त्यांची होती. उणेबाईंची. एकही चूक नव्हती. अख्खा भाग सरांनी बायकोच्या पद्धतीनं लिहिला होता, आणि बायकोनं तो इमानेइतबारे उलटा करून ठेवला होता.

त्या पलंगापाशी आल्या.

"तू माझी चिन्हं वापरलीस?"

सर खिडकीकडे बघू लागले. चोरी पकडल्यावर बघतात तसे.

"तू दमतेस हल्ली," ते म्हणाले. "म्हटलं, तेवढं एक तरी काम कमी."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर... हरलास म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!" असं म्हणता म्हणता बाईंना रडू फुटलं. इतके महिने आवरून धरलेलं सगळंच आलं. सरांनी डोळे पुसायला चमच्यासकट उजवा हात उचलला, तो अर्ध्यावरच राहिला; मग बाईच खाली वाकल्या.

"म्हणजे चूक..." सर म्हणाले.

"माझी. सगळी माझी. तुझं डोकं ठणठणीत आहे, मेल्या."

कितीतरी दिवसांनी सर हसले, वाकड्या तोंडानं का होईना. त्या नादात चमचा सुटला आणि फरशीवर खणकन वाजला. बाई उचलायला गेल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसून राहिल्या.

"पडला," सर ओशाळून म्हणाले.

"पडू दे," बाई म्हणाल्या. "खालीच पडलाय ना?"