अठरा मुठी मिरी

माझे यजमान प्रभंजन मास्तर धारवाडच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी कुठंतरी वाचलं, की येत्या मार्चमध्ये सगळे ग्रह सूर्याच्या एकाच बाजूला गोळा होणार आहेत. मग भूकंप होतील, समुद्र वर येईल, सरकारं कोसळतील. ग्रहांचं मला काही कळत नाही. पण पन्नाशीला आलेल्या माणसाच्या डोक्यात काहीतरी शिरतंच. कुणाच्या मठ शिरतो, कुणाच्या पत्ते. आमच्या ह्यांच्या डोक्यात मिरी शिरली.

"नोटा चुलीत घालायच्या लायकीच्या राहतील," हे म्हणाले. "तेव्हा ज्याच्याकडे मसाला, त्याचंच घर चालेल. मसाला थोडक्या जागेत मावतो आणि सगळ्यांना लागतो. देऊन पाहिजे ते घेता येईल."

झालं. दर रविवारी हे हुबळीच्या बाजारातून पोती आणि डबे आणायला लागले. शिरसीची मिरी, लवंगा, वेलदोडे, ब्याडगी मिरच्या, हळकुंडं, धने, चिंच, हिंगाचे खडे आणि वर चार पोती खडेमीठ. सगळं गेलं मागच्या खोलीत. तिथं मात्र माझं डोकं फिरलं, कारण ती खोली सीतेला द्यायची ठरली होती.

सीता माझी धाकटी बहीण. तिचे यजमान अळणावरला लाकडाच्या वखारीत कामाला होते, ते माघात वारले. मूलबाळ नाही. तेव्हापासून ती दीर-जावेकडे होती. पहाटे उठून पाणी भरायची, दळण-कांडण, गुरं, सगळं तिच्याकडे, आणि आल्यागेल्याला जाऊ सांगायची, "बसून खायला एक माणूस वाढलं." तेराव्याला ह्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, "पावसाळा झाला की सीतेला इथं केलगेरीला आपल्या घरी आणू, मागची खोली रिकामीच आहे." सीता त्या एका वाक्यावर दिवस काढत होती, हे मला ठाऊक होतं.

"तिला कुठं झोपवायचं? चिंचेवर?" मी विचारलं.

"सुम्मनिर," हे म्हणाले. रागावले की हे कानडीत गप्प बसवतात. "मार्च जाऊ दे. त्या दिवसांत खाणारं एक तोंड वाढवणं परवडायचं नाही."

हे तोंडावर बोलले नसते तर बरं झालं असतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, कारण ते तक्ता करण्यात गुंतले होते. खाकी कागदावर, शाळेतल्या अक्षरात, आखून. एका दिवसाची मजुरी: दोन मुठी मिरी. दाढी: दोन लवंगा. चपलेचा अंगठा: एक लवंग. बाळंतपण: सुपारीएवढा हिंग. तो कागद त्यांनी खोलीच्या दाराला आतून चिकटवला, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. मी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला होता. स्वयंपाक त्यात कुठंच नव्हता. म्हणजे जग बुडालं तरी तो फुकटच होणार होता.

दिवाळीला सीता चार दिवसांसाठी आली. हातात एक पिशवी. खोलीचं तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या खोलीच्या दारापाशी थबकली. "अक्का, आत काय कुजायलंय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेपरात शिरले. सीता ह्यांच्यासमोर कधी मान वर करून बोललेली नव्हती. ती पदर सावरून त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भावोजी, किल्ली द्या की."

ह्यांनी जानव्याची किल्ली सोडून दिली. दार उघडलं आणि वासानं आम्ही तिघंही मागं सरलो.

मिरच्या पांढऱ्या पडल्या होत्या, हळकुंडांतून भुंगे निघत होते, चिंचेत अळ्या झाल्या होत्या. मिठाला पाणी सुटून ते खालच्या धन्यांच्या पोत्यांत मुरलं होतं. वर्षाचा मसाला बायका चैत्र-वैशाखात घेतात, कडकडीत वाळवून भरतात. ह्यांनी घेतला मृगात आणि ऊन न दाखवता कोंडला. वर्गात आर्द्रता शिकवणारा माणूस! हे उंबऱ्यावर खाली बसले. तोंड इतकं लहान झालं होतं, की मी तयार ठेवलेलं एकही वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

सीतेनं पदर खोचला. सगळं बाहेर काढलं, गच्चीवर जुनी लुगडी पसरली. चार दिवसांची पाहुणी नऊ दिवस राबली. तिनं मिरच्यांची देठं खुडली, चिंच निवडून, चिंचोके काढून मीठ लावून गोळे केले, धने चाळले, पोत्यांखाली फळ्या घातल्या, डब्यांतून कडुनिंबाचा पाला पसरला. निम्मा माल फेकावा लागला. मिरी पुसून वाळवल्यावर वाचली. लवंगा आणि हिंग वाचला. मी मदतीला होते, पण खरं काम तिचंच. हेसुद्धा तिच्या हाताखाली डबे पुसत होते.

नवव्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी तक्ता बघितला. मग एक स्टीलचा डबा घेऊन त्यात मोजून अठरा मुठी मिरी घातली आणि डबा सीतेपुढं धरला. "नऊ दिवसांची मजुरी."

माझा नवरा हट्टी आहे, पण लिहिलेलं मोडणारा नाही.

सीता डब्याकडे बघतच राहिली. जन्मापासून ती राबत होती, पण तिच्या कामाला दर असतो असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. या माणसाच्या खुळावर मी पाच महिने हसले आणि माझ्या बहिणीची किंमत पहिल्यांदा त्याच खुळानं केली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

सीतेनं डबा घेतला. झाकण लावलं आणि परत ह्यांच्यापुढं केला.

"ह्या खोलीचं भाडं काय, ते तक्त्यात नाही, भावोजी. ह्यात किती महिने होतील?"

हे दारापाशी गेले. कानावरची पेन्सिल काढली आणि तक्त्याच्या तळाला लिहिलं: मागची खोली, महिन्याला दोन मुठी मिरी.

"नऊ महिने," हे म्हणाले. "आषाढापर्यंत."

"तोवर पुढच्या वर्षीचं वाळवण होईल," सीता म्हणाली. "पुढचं भाडं त्या मजुरीतनं देईन."

डबे भिंतीला लागले, मधे तिची वळकटी मावली.

आठवड्यानं तिचा दीर गुरुराज तिला न्यायला आला. चहा घेतला आणि माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "असं बहिणीच्या घरी किती दिवस ठेवून घेणार? लोक काय म्हणतील, कुणाच्या जिवावर राहते म्हणून."

हे उत्तर द्यायला गेले. त्याआधी सीता आतून आली. गुरुराजाची रिकामी कपबशी उचलली आणि म्हणाली, "मी भाड्यानं राहते."