अकरा बार

पेल्याच्या कडेखाली एक पोचा होता, अंगठा नेमका बसेल एवढा, आणि वेलायुदनचा अंगठा तिथे जाऊन बसला तो निघेचना. कॉफी निवत चालली, वर साय धरली, आणि त्या सायीकडे बघता बघता त्याला वाटलं, हा पेला असाच उचलून समोरच्या फोटोवर मारावा, काचेचे तुकडे सगळ्या खोलीभर उडतील असा... फोटोतला मासिलामणी पेटीवर हात ठेवून हसत होता. चाळीस वर्षं हसत होता.

"बंगळूरला जाऊन गिळायचं विसरलास वाटतं," पवुनम्माळ म्हणाली. "पी ना, तंबी. विष नाही घातलेलं. विष हवं असेल तर बाहेर खाणीच्या गाळाचा डोंगर आहे, सायनाइडचा, लागेल तेवढं ने."

"पितो, अण्णी."

मासिलामणीचा, तिच्या नवऱ्याचा, खाणीतला जोडीदार म्हणजे धाकटा दीर आणि ती त्याची वहिनी, ते नातं तिनं नवऱ्याबरोबर पुरलं नव्हतं.

सकाळी शेवटच्या स्टेशनावर तो एकटाच उतरला होता. समोरची गाडी मात्र भरून बंगळूरला निघाली होती, कोणी पहारा करायला, कोणी फरशा पुसायला. ज्या गावाच्या पोटातून शंभर वर्षं सोनं उपसलं, तिथं आता चुकूनही कोणी उतरत नव्हतं. खाणीत उतरायच्या शाफ्टवरची चाकं गंजून थांबलेली, वाऱ्यानं उडणारी पांढरी भुकटी दाताखाली कचकचत होती, आणि पायाखाली, कोसभर खोल, पाण्यानं भरलेला तो बोगदा... सांगायचं, आज सांगायचंच. कनगम, त्याची बायको, गेल्या महिन्यात गेली; आता ज्याच्यासमोर मान खाली घालायची असं घरात कोणी उरलं नव्हतं. एकच वाक्य होतं. अण्णी, मी अकरा मोजले होते.

दगडात बारा भोकं, सुरुंगाचे बारा बार. वाती पेटवायच्या, वळणाआड बसायचं आणि मोजायचं. एकानं आकडा बोलायचा, दुसऱ्यानं तोच म्हणायचा, मगच पुढे पाऊल. एकानं जरी कमी सांगितला तरी थांबायचं, कारण न फुटलेला बार दगडात जागा असतो.

आणि त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, शुक्रवारी, मुरुगनच्या देवळात मासिलामणीची हरिकथा. काय गळा होता! रानातल्या वल्लीशी लग्न करायला देव म्हातारा होऊन तिच्या मागे रानोमाळ हिंडतो, तो प्रसंग तो आळवायला लागला की दारू प्यालेली माणसंसुद्धा हात जोडायची. वेलायुदन कायम पहिल्या रांगेत, डोळे मिटून. त्या दिवशी गाता गाता थांबून मासिलामणी म्हणाला, "देवाचं लग्न एका रात्रीत जमलं हो. आमच्या वेलूच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा अजून सुताराकडेच आहे."

सगळं देऊळ हसलं. बायका हसल्या. त्या हसण्यातून उठून मी घरी आलो आणि कनगमला पट्ट्यानं मारलं, ती का मारतोस हेसुद्धा विचारीना म्हणून आणखी मारलं, तिचा दात पडेपर्यंत...

दुसऱ्या दिवशी वळणाआड धूर आणि अंधार. शेवटचा बार घुमून विरला. अकरा? की दोन एकदम उडाले? एकदम उडाले तर एकच वाटतात. तो म्हणाला, "बारा." मासिलामणीनं दिवा वर करून त्याच्याकडे पाहिलं, थोडा वेळ, आणि म्हणाला, "बारा."

मग त्यानं पुढचं भोक पाडायला ड्रिल लावलं आणि दगड त्याच्या तोंडावर फुटला. तोंड राहिलं नाही. गळा, देवा, गळा तेवढा शाबूत राहिला होता.

मासिलामणीच्या त्या एका शब्दाला धरून वेलायुदन चाळीस वर्षं झोपत आला होता. मृदंगवाल्याची अर्धी मात्रा चुकली तर भर कथेत त्याला थांबवणारा माणूस... त्याच्या कानाला बारा ऐकू आले, म्हणजे बाराच असणार.

"अण्णी, त्या दिवशी..."

"त्या दिवसाचं तू काय सांगणार मला?" पवुनम्माळनं पदरानं फोटोची काच पुसली. "न खाता गेला. म्हणाला, काल जीभ घसरली, वेलूचं तोंड बघवेना. आज त्यानं चारचौघांत थोबाडीत दिली तरी घेईन. तो म्हणेल त्याला हो म्हणेन, एका शब्दानं अडवणार नाही. मी म्हटलं, कथेकरी बुवा, त्यापेक्षा सरळ माफी मागा की. तर म्हणे, लाज वाटते." ती हसली, मग हसू तसंच राहिलं. "मागितली का रे खाली? कितीदा वाटलं तुला विचारावं."

त्यानं फोटोकडे पाहिलं. म्हणजे ऐकलं होतंस तू. अकरा ऐकलेस, दिवा वर केलास, माझं तोंड पाहिलंस, आणि तरी... कोणी सांगितलं होतं तुला? तो शाबूत गळा आता दोन्ही हातांत यायला हवा होता, दाबून, हिसडून विचारायला हवं होतं. पट्टा उगारताना चढला होता तोच राग अंगात चढला, बोटं वळली, आणि त्या रागाखाली काहीतरी ऊबदार, ओशाळं हललं. थोबाडीत मिळाली तरी घेणार होता. आपण ती दिली होती.

"तंबी?" ती म्हणाली.

हो म्हणावं की नाही, दोन्ही खरंच होतं; माफीचा शब्द नव्हता, 'बारा' होता. त्यानं तोंड उघडलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला तो गळा ऐकू आला, वल्लीच्या मागे हिंडणारा, आणि त्याला वाटलं, हिनं एवढ्यात दुसरं काही विचारू नये.