ग्राहकाचा नकार

चष्म्याच्या काडीचा स्क्रू तिच्या बोटाच्या टोकावर होता — इतका बारीक, की श्वास जरा जोरात सोडला तर उडून जायचा, आणि एकदा उडाला की या दुकानाच्या फरशीवर तो कुणाच्या बापाला सापडत नाही — आणि नेमका तेव्हाच काउंटरवरचा फोन थरथरला. तिने आधी स्क्रू बसवला. अर्धा फेरा, मग आणखी अर्धा. समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवून बघितला, कानामागे बोट घालून काडी टोचत नाही ना ते पाहिलं, आणि मग फोन हातात घेतला. ‘पार्सल स्वीकारण्यास ग्राहकाचा नकार. परत पाठवण्याची प्रक्रिया सुरू.’

नकार? कुणी दिला नकार? घरी एकच माणूस, आणि तो देणार तरी कशाने... गेल्या वर्षी नवऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं, श्वासासाठी गळ्यापाशी एक भोक ठेवलं, आणि बोलायला म्हणून हातात एक यंत्र आलं. विजेरीएवढं. गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे, की आत भुंगा अडकल्यासारखी घरघर होऊन शब्द उमटतात. ते यंत्र तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघराच्या फरशीवर पडलं आणि बंद झालं. दुरुस्तीवाल्यांनी हात वर केले. तसलंच दुसरं ऑनलाइन एका ठिकाणी सापडलं, शेवटचा नग. पुढचा माल कधी येईल ते सांगता येत नाही, असं विकणाऱ्याने आधीच बजावलेलं. म्हणजे हे परत गेलं की दुसऱ्या कुणाला तरी जाणार, आणि आपण बसायचं वाट बघत. तोवर तो तसाच. खिडकीशी खुर्ची टाकून, पाठ खोलीकडे करून बसलेला. खाली चहाला जाणं त्याने सोडलं होतं. मित्र वर आले तर झोपेचं सोंग घ्यायचा.

या कुरियरवाल्यांचे प्रताप तिला नवीन नव्हते. चादरींचं पार्सल कंपाउंडवरून भिरकावलेलं, ते थेट गटाराच्या झाकणावर. मिक्सरचं भांडं जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर ठेवलेलं, तिथे ते दोन दिवस ऐटीत बसून होतं. लेकीने परगावाहून पाठवलेला काचेचा दिवा तर पोचलाच नाही, आणि ‘हातोहात मिळाला’ म्हणून जो फोटो आला त्यात दार दुसऱ्याच कुणाचं, चपलाही दुसऱ्याच कुणाच्या. तिसऱ्या मजल्यावर चढायचं म्हटलं की यांच्या पायात गोळे येतात. खालून फोन करायचा, खाली या म्हणायचं, कुणी आलं तर ठीक, नाहीतर सरळ खोटं लिहून मोकळं. उचलली जीभ लावली टाळ्याला! यांना जीभ आहे ना. ज्याला नाही त्याच्या नावावर नकार.

तिने फोन लावला. हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा. ती दाबत राहिली, गाणं ऐकत राहिली, एका बाईने गोड आवाजात दिलगिरी व्यक्त केली, दुसऱ्या बाईने तितक्याच गोड आवाजात पुन्हा तीच. शेवटी बरंच भांडल्यावर डिलिव्हरीवाल्याचा नंबर मिळाला. तो रस्त्यावरच होता, मागे हॉर्न वाजत होते. तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मग वैतागून नव्हे तर थोडं दुखावल्यासारखं म्हणाला,

“मॅडम, मी फोन केला होता. कुणीतरी उचलला, पण बोलेना. नुसता श्वास. मी विचारलं, पार्सल घ्यायचंय ना? तर टक करून काहीतरी वाजवलं. परत विचारलं, परत टक. माझी कशाला मस्करी करता?”

एक टक म्हणजे हो.

दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे इकडे ये. यंत्र बिघडलं त्याच संध्याकाळी हे आपोआप ठरलं होतं, टेबलावर, भिंतीवर, न्हाणीघराच्या दारावर बोटाच्या पेराने. दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ती भाषा या खोल्यांबाहेर कुणाला येत नाही हे नवऱ्याच्या ध्यानातच आलं नसणार. तो बिचारा त्या माणसाला हो म्हणत होता. दोनदा म्हणाला. आणि मग गुडघा धरत जिना उतरला असेल, कठड्याला टेकत, आणि खाली येऊन बघतो तर रस्ता मोकळा...

पण त्याचा नंबर दिलाच का? तिने फोन ठेवला आणि काउंटरवरच्या आरशात आपलंच तोंड तिला दिसलं. त्याचा नंबर, कारण त्या घरात फोन म्हणजे तोच. गॅसवाला असो, नळवाला असो, लेकीची शाळा असो, एवढी वर्षं सगळीकडे त्याचाच नंबर, सगळ्यांशी बोलायचा तोच. ऑर्डर करताना तो समोर बसला होता. नंबरची जागा आली तेव्हा त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, माझी वस्तू, माझा नंबर, आणि तिने टाइप केला. दोन शहाणी माणसं समोरासमोर बसून मुक्याचा आवाज मागवत होती आणि फोन घ्यायला मुक्यालाच नेमत होती. सुचलंच नाही. खरंच सुचलं नाही? ... नाही सुचलं. मला तरी आठवत नाही सुचल्याचं.

मालकाला तिने खरं ते सांगितलं. मालक भला माणूस, जा म्हणाला. शहराबाहेरच्या गोदामातून परतीचा ट्रक संध्याकाळी सुटतो, एवढं डिलिव्हरीवाल्याने मेहेरबानी केल्यासारखं कळवलं होतं. तिने बस पकडली. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, आणि जागा मिळाल्यावर जे व्हायचं तेच झालं — डोकं चालू लागलं.

नवरा ड्रायव्हिंग शिकवायचा. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांना ओरडायचा. क्लच! आरसा बघ! कुठे निघालास, स्वर्गात? आणि घरी आला तरी शेजारची सीट सोडायचा नाही. गॅस बारीक कर. तो डबा तिथे नको. हे असं नव्हतं, मंगळवारी नव्हतं, बुधवारी होतं. तिची कुठलीही गोष्ट शेवटापर्यंत पोचायची नाही, मधे ब्रेक लागायचाच. तरी त्या आवाजाला चढउतार होता, हसायचा तेव्हा खिडकीची काच वाजायची. ऑपरेशननंतर यंत्र आलं आणि तेवढंही गेलं. सगळं एका सुरात. चहाही तसाच, औषधही तसंच, रागही तसाच. वर्षभर ती त्या भुंग्याच्या धाकात वावरली. भुंगा कधी गुणगुणेल नेम नाही, आणि गुणगुणला की आपलं काहीतरी चुकलंच असणार.

आणि हे तीन आठवडे...

हे तीन आठवडे ती बोलत होती. पहिल्या संध्याकाळी भीतीनेच, घर फार शांत वाटलं म्हणून. दुकानात आलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट, ज्याला नवा चष्मा लावल्यावर बायको ओळखू येईना. ती गोष्ट ती सांगत गेली आणि शेवट आला. मधे कुणी ब्रेक मारला नाही. तो ऐकत होता. हसला, आवाज नाही, नुसते खांदे. दुसऱ्या दिवशी दुकानातून निघतानाच तिने मनात ठरवलं होतं आज काय सांगायचं ते. आज काय, उद्या काय. तिला घरी जायची घाई होऊ लागली. लग्नानंतरचं पहिलं वर्ष सोडलं तर अशी घाई तिला कधी झाली नव्हती. नवरा खिडकीशी बसून वाळत चालला होता आणि बायकोला कंठ फुटला होता. काय बाई आहेस तू, तिने स्वतःला म्हटलं, आणि बस वळली तशी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. मला ते पार्सल हवंय. मी त्याच्यासाठीच निघालेय ना? अर्ध्या दिवसाचा पगार पाण्यात घालून निघालेय.

गोदाम म्हणजे पत्र्याचं एक लांबच लांब छप्पर. गाडीतून माणूस खोकी फेकत होता, खालचा झेलत होता, झेलली नाहीत ती पडत होती, आणि पडलेल्यांना पायाने बाजूला सारायचं असा तिथला रिवाज दिसत होता. एका खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र होतं, तेही गेलं तसंच. टेबलामागच्या माणसाने तिचं सगळं ऐकून घेतलं, काकू म्हणाला, ढिगातून खोकं शोधूनही काढलं — एक कोपरा आत चेपलेला — आणि ते तिच्या हातात न देता टेबलावर आपल्या कोपराखाली ठेवलं. ओटीपी लागेल म्हणाला. ओटीपी कुठे जाणार? नोंदवलेल्या नंबरावर. दुष्काळात तेरावा महिना.

तिने सगळं पुन्हा सांगितलं. नवरा बोलू शकत नाही, साधा बटणांचा फोन आहे, मेसेज पाठवणं त्याला जमत नाही. माणसाने मान हलवली. वाईट वाटलंय पण नियम म्हणजे नियम, अशी. बाहेर परतीच्या ट्रकचं मागचं दार उघडलं गेलं होतं.

तिने घरी फोन लावला. उचलला. श्वास.

“अहो, मी बोलतेय. आत्ता एक मेसेज आला असेल, चार आकडे. वाजवून सांगा. एकेक.”

पलीकडे काहीतरी चाचपडल्याचा आवाज. तो चष्मा शोधत असणार. मग टक टक टक. आणि थांबला. तीन, ती मोठ्याने म्हणाली. मग एक लांब खरखर आली, नख फोनवरून ओढल्यासारखी, आणि क्षणभर तिला कळेना... शून्य. शून्य वाजवणार कसं? त्याने त्याच्यासाठी नख ओढलं होतं. तिला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिसऱ्या आकड्याला मागे खोक्यांची अख्खी थप्पी कोसळली आणि मोजणी चुकली. सहा की सात? परत, ती म्हणाली, तिसरा परत वाजवा, आणि जीव मुठीत धरून थांबली, कारण परत सांगायला लावलेलं त्याला जन्मात खपलं नव्हतं. त्याने परत वाजवलं. सावकाश. प्रत्येक टकेनंतर जागा सोडून, तिला मोजता यावं म्हणून. सात. चौथ्याला दोन. आणि ते झाल्यावर, काही विचारलेलं नसताना, आणखी एक टक. अगदी हलकी. हो, एवढंच. ती फोन कानाशी धरून उभी राहिली. टेबलामागचा माणूस खोकं पुढे सरकवत होता, काकू, घ्या, आणि तिला ते दिसतच नव्हतं. कारण त्या टकेत सगळं होतं — तो घाबरला होता, तो वाट बघत होता, तिच्यावर सगळा हवाला टाकून बसला होता. वर्षभर पूर्ण वाक्यं ऐकली त्यांत एवढं कधी ऐकू आलं नव्हतं.

बसमध्ये तिने खोकं मांडीवर धरलं. घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. चेपलेला कोपरा तिच्या डोक्यातून जात नव्हता. वर नेऊन त्याच्यासमोर उघडलं आणि वाजलंच नाही तर? त्याचा चेहरा आपण बघायचा? त्यापेक्षा आधीच बघावं. तिने चिकटपट्टी नखाने सोलली, यंत्र काढलं, बॅटरी बसवली, बटण दाबलं. घरघर सुरू झाली. तोच भुंगा. चालतंय. हुश्श म्हणावं असंच होतं, पण तसं काही तिला झालं नाही.

नुसतं वाजून काय, शब्द उमटतात का ते बघायला हवं होतं. तिने यंत्र स्वतःच्या गळ्याला टेकवलं, जबड्याखाली, तो टेकवतो तिथे. श्वास धरला, बटण दाबलं, आणि नुसते ओठ हलवले: दमले मी.

जिन्यात तिचा नवरा बोलला.

ती दचकली. वर पाहिलं. कुणी नव्हतं. तिच्याच गळ्यातून आलं होतं ते, त्याच सुरात, कुणाला तरी दटावल्यासारखं. पण मी दटावलं नव्हतं. तिने पुन्हा ओठ हलवले, या वेळी अगदी जीव लावून, लेक लहान असताना तिला जवळ घ्यायची तसं: ये, बस इथे. तेच. हुकूम सोडावा तसं. आवाज त्याचा नव्हताच तर. आवाज याचा होता, या विजेरीएवढ्या वस्तूचा, ज्याच्या गळ्याला लावाल त्याला तो असाच बोलायला लावणार.

आई गेली त्या दिवसाचं तिला आठवलं. क्रियाकर्म उरकून ती घरी आली आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली, दिवा न लावता. तो दारात आला, यंत्र गळ्याला लावलं, आणि म्हणाला, “ऊठ. तोंड धू. झोप.” एवढंच. ती उठली होती, तोंड धुतलं होतं, आणि त्यानंतर दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. आई मेली तरी या माणसाचा हुकूम सुटत नाही, हे तिने मनात पक्कं लिहून ठेवलं होतं, आणि त्या दिवसापासून यंत्र बंद पडेपर्यंत ती त्याला जेवण वाढत होती, औषध देत होती, बाकी काही देत नव्हती.

तिने यंत्र गळ्याला लावलं. ऊठ, तोंड धू, झोप — एकदा हुकमासारखं, एकदा डोक्यावरून हात फिरवताना म्हणावं तसं. दोन्ही वेळा जिन्यात एकच वाक्य घुमलं. वर कडी निघाल्याचा आवाज झाला, गुडघा सावरत एक पाऊल दाराबाहेर पडलं आणि थांबलं. त्याने ऐकलं असणार. ती खोकं काखेत घेऊन उभी राहिली. त्या दिवशी कसं म्हणाला होतात, हे आता त्याला विचारता आलं असतं. पण उत्तरही याच आवाजात येणार होतं.