कानाडोळा

बारामतीत कुणाला माठ घ्यायचा असला तरी तो मला बोलवायचा. मी काही कुंभार नव्हे. भिगवण रस्त्याला माझं पेटी-दुरुस्तीचं दुकान. पेटी, तबला, ढोलकी, बुलबुलतरंग, सगळं माझ्याकडं यायचं. पण ख्याती होती ती माझ्या टिचकीची. वस्तू हातात घ्यायची, नखानं एक टिचकी मारायची, डोळे मिटून ऐकायचं आणि सांगायचं, ही घ्या, ती नको. माठ असो, नारळ असो, कलिंगड असो, तबल्याचं खोड असो. रघुनाथमास्तरांचा कान म्हणजे काटा, असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून फुगायचो. इतका, की लग्नात कुणी बेसूर मंगलाष्टक म्हटलं तर मी अक्षता खाली टाकून सरळ बाहेर यायचो, मग म्हणणारा नवरदेवाचा मामा का असेना.

हे आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात माझी कीव करायची की मला जोड्यानं हाणायचं, हे तुम्हालाच ठरवायचंय. मला अजून ठरवता आलेलं नाही.

पंच्याण्णव साली छातीच्या आजारानं मला गाठलं. महिनोन् महिने सुया घेतल्या. छाती बरी झाली. मग एक दिवस एका पेटीच्या वरच्या चार पट्ट्या मुक्या वाटल्या. मी पेटी उघडली, रीड बदलल्या, तरी मुक्याच. रीड पाठवणाऱ्या दुकानदाराला मी असलं झणझणीत पत्र लिहिलं की त्यानं पुन्हा माल पाठवला नाही. महिन्याभरानं दुसऱ्या पेटीच्याही त्याच पट्ट्या मुक्या झाल्या तेव्हा मी गप्प बसलो. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "त्या सुयांनी एखाद्याला होतं असं. बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे. गेलेले परत येत नाहीत." येताना एसटीत मी खिडकीशी बसून रडलो. शेजारच्या बाईनं मला आल्याची वडी दिली.

ही गोष्ट फक्त सुधाला, माझ्या बायकोला ठाऊक होती. मी पेटीच्या वरच्या पट्ट्या लावायचो तेव्हा ती समोर भाजी निवडत बसायची. सूर जुळला की मान हलवायची, नाही जुळला की नाक मुरडायची. तीस वर्षं माझी कटकट ऐकून तिचा कान तयार झाला होता. "सांगून टाका लोकांना," ती म्हणायची. मी म्हणायचो, झाकली मूठ सव्वा लाखाची. तसंही आमच्याकडं माणसं शेतातून हाका मारल्यासारखी बोलतात, त्यामुळं बोलणं मला कळायचं. हळू बोलणाऱ्याचे ओठ बघायचो. कानाडोळा करणं म्हणतात ना, ते मी अक्षरशः करायला लागलो होतो. कानाचं काम डोळ्याकडं दिलं होतं.

दोन वर्षं हे निभलं. मग भानुदासराव आले.

भानुदासराव माळेगावच्या कारखान्यात उसाच्या काट्यावर होते. त्यांची तेजश्री तिसरीत असल्यापासून माझ्याकडं पेटी शिकली. पुढं दोन वर्षं ती पिंपरीला मामाकडं राहिली आणि तिथं शेजारच्या एका ख्रिस्ती बाईंकडून गिटार शिकून आली. आता वीस वर्षांची होती. मी शेकड्यानं पोरं शिकवली असतील, पण खरा कान तिचा एकटीचा. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. कौतुक केलं की पोरं बिघडतात, असं तेव्हा मला वाटायचं.

"मास्तर, भिगवणला इंग्रजी शाळा निघालीय," भानुदासराव म्हणाले. "तितं गाण्याची बाई पायजे. बारक्या पोरांना गिटारीवर गाणी शिकवायची. सोमवारी परीक्षा हाय, पर गिटार सोताची आना म्हणत्यात. इंदापूरला परदर्शन लागलंय, तितं गिटारी हायत. आमच्या खिशाला झेपतील अशा. दिसाय लई देखण्या. पर आमाला काय कळतंय त्यातलं? आमचा काटा ऊस मोजतो. आवाज तुमी मोजायचा."

तेजश्री दारात उभी होती. "सर, ही नोकरी लागली तर..." एवढं म्हणून ती थांबली. त्यापुढचं मला माहीत होतं. नोकरी नाही लागली तर उन्हाळ्यात तिचं लग्न उरकायचं ठरलं होतं आणि मुलाकडच्यांना गाणारी सून नको होती.

त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. पोरी, तू स्वतः वाजव आणि तुला पटेल ती घे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण "मास्तर, तुमच्याशिवाय न्हाय," असं भानुदासरावांनी म्हटलं आणि मी टोपी घातली.

शनिवारी आम्ही तिघं इंदापूरला गेलो. मंगल कार्यालयात चादरी, लोणची, प्लास्टिकची फुलं, भिंतीवरची घड्याळं, असा सगळा बाजार मांडला होता. घड्याळांच्या शेजारी सात गिटारी टांगलेल्या. एकीवर गुलाब, एकीवर मोर, एकीवर तळ्यात पोहणारी हंसांची जोडी आणि कडेनं सोनेरी पट्टी. "बैठकीत लावा साहेब, पाहुणे बघत राहतील," विकणारा म्हणाला. गिटार विकणाऱ्या माणसानं आवाजाबद्दल अवाक्षर काढलं नाही, तिथंच शहाण्यानं ओळखावं. मी ओळखलं नाही.

भानुदासरावांनी एकेक गिटार दोन्ही हातांनी तोलून बघितली. "हंसाची वजनाला भरती," ते म्हणाले. तेजश्री खुर्चीवर बसून एकेक वाजवत गेली. वर पंखा घरघरत होता. जाड तारा वाजल्या की मला कळत होतं, कारण त्या छातीत लागत होत्या. बारीक तारांवर तिचं बोट गेलं की नुसतं बोट दिसायचं. मी डोळे मिटून मान डोलवत होतो. आजूबाजूला चारपाच माणसं जमली होती.

शेवटी दोन उरल्या. एक हंसाची आणि दुसरी साधी तपकिरी, चित्र नसलेली, एका कडेला पॉलिशचा ओघळ वाळलेला. तेजश्री सारखी त्या तपकिरीकडं वळत होती. मी दोन्हींवर टिचकी मारली. तपकिरी बद्द बोलली. हंसाची कशी भरदार, नव्या माठासारखी. ते ऐकून मला खरोखर आनंद झाला. बऱ्याच दिवसांनी कानाला काहीतरी नीट ऐकू आलं होतं. माठाला तारा नसतात, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

तेजश्रीनं हंसाची गिटार मांडीवर घेऊन पुन्हा वाजवली आणि काहीतरी विचारलं. खाली मान घालून, तारांकडं बघत बोलली, त्यामुळं ओठ दिसले नाहीत. शेवटचा 'का' तेवढा कळला. घेऊ का, एवढंच विचारत असणार.

"हो," मी म्हणालो. "डोळे मिटून घे."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग तपकिरी गिटार उचलून स्वतःच्या हातानं खिळ्याला परत लावली.

सोमवार गेला. भानुदासराव पेढे घेऊन येतील म्हणून मंगळवारी मी दुकान लवकर उघडलं. ते आले गुरुवारी, संध्याकाळी चारच्या सुमाराला, पेढ्यांशिवाय. मागं तेजश्री, हातात चादरीत गुंडाळलेली गिटार.

"मोठ्या बाई म्हणल्या, पोरीचा गळा चांगला हाय, पर ही भितीवर लावायची गिटार हाय," भानुदासराव म्हणाले. "वर बोट गेलं की नुसतं झिरझिर झिरझिर. बारकी पोरं हसाय लागली. उद्या सकाळी परत बोलावलंय. आवाज नीट करून आना न्हायतर दुसरी बाई बघतो, म्हणल्या."

"प्रदर्शनवाल्याला बदलून मागा," मी म्हणालो.

"त्यो कवाच गेला. आन् बदलायची कशाला? मी तेजीला म्हणलं, मास्तरांनी निवडलीय म्हंजे खोट असायची न्हाय. आवं, तिनं तितंच तुमाला इचारलं हुतं की. सर, वरच्या घरांत ही झिरझिरती, तरी चालंल का? तुमी म्हणला हो, डोळे मिटून घे. म्हंजे तुमच्याकडं त्यावर इलाज असणारच."

दोष त्यांनी मला द्यावा, दोन शिव्या हासडाव्यात, असं मला मनापासून वाटलं. म्हणजे मलाही उलटं भांडता आलं असतं. पण त्या माणसाच्या तोंडावर नुसता विश्वास होता. त्याच्याशी कसं भांडणार?

"आहे इलाज," मी म्हणालो.

इलाज म्हणजे, ज्या पट्टीवर तारा टेकतात ती घोडी जरा उचलायची. तारा उंच झाल्या की घासत नाहीत. हे मला येत होतं. झिरझिर गेली की नाही, ते कळणं माझ्या हातात नव्हतं. सुधाला हाक मारावी तर ती बहिणीच्या नातवाच्या बारशाला पणदऱ्याला गेलेली. भानुदासराव चहा सांगायला कोपऱ्यावर गेले आणि दुकानात आम्ही दोघंच उरलो.

जुन्या पेटीच्या पट्टीवरचं पांढरं पान काढून मी त्याची चीप कापली आणि घोडीखाली सरकवली. "तारा तू चढव," मी तेजश्रीला म्हणालो. "माझी बोटं दुखतात." ती सतरंजीवर बसून खुंट्या पिळायला लागली. मी चष्मा कपाळावर चढवला आणि पाठ फिरवून खणात कानस शोधू लागलो. असले खण, कधी एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ. कानस सापडली तेव्हा मी वळलो.

"वाजव."

तिनं जाड तारा वाजवल्या. त्या छातीत लागल्या.

"आता पहिली, बारीक. वरच्या घरांत."

ती क्षणभर थांबली. मग तिचं उजवं बोट सगळ्यात खालच्या जागेवर हलायला लागलं आणि डावं बोट दांडीवरच्या पट्ट्यांमधलं एकेक घर वर सरकत गेलं. मी तिच्या बोटाबरोबर मान हलवत होतो. तिचं तोंड वाकडं नाही, कपाळाला आठी नाही. म्हणजे जमलं. माझ्या जिवात जीव आला.

"आता बघ," मी म्हणालो. "कशी स्वच्छ लागली."

तिचं बोट थांबलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मी चष्मा डोळ्यांवर ओढला.

गिटारीला पाचच तारा होत्या. पहिली तुटून तिच्या गुडघ्याजवळ सतरंजीवर वेटोळं होऊन पडली होती. तिच्या हातावर, जिथं तार फटकारली होती तिथं, लाल ओरखडा उठला होता. चांगली ताणलेली तार तुटली म्हणजे आवाज झाला असणार. ती कदाचित ओरडलीही असेल. मी चार हातांवर पाठ करून उभा होतो.

तेजश्रीनं चेहरा वर केला, मला ओठ नीट दिसतील असा.

"सर," ती एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "कधीपासनं?"

आजवर एवढं जपून माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी दोन बोटं वर केली. दोन वर्षं.

भानुदासराव चहाचे पेले घेऊन आत आले. "काय मास्तर, झाली का?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, मी बोलणार होतो. पण ती आधी बोलली.

"झाली, आबा. सरांनी केली नीट. एक तार तेवढी माझ्या हातनं तुटली."

"तुज्या हाताला काय धीर हाय का न्हाय," भानुदासराव म्हणाले. "आता ती तार कुठं मिळायची?"

"पुण्याशिवाय नाही मिळायची," ती म्हणाली.

"आन् परीक्षा तर सकाळी नऊला."

"पाच तारांवर बघते, आबा." ती गिटार चादरीत गुंडाळायला लागली. तुटलेली तार तिनं बोटाभोवती गुंडाळून पर्समध्ये टाकली. माझ्याकडं तिनं पुन्हा बघितलं नाही. माझी चूक तिनं स्वतःच्या हातावर घेतली होती आणि चहा घशाखाली घालण्यापलीकडं मला काही करता येत नव्हतं. कसला काटा आणि कसला कान.

निघताना भानुदासरावांनी तिच्या हातातून गिटार घेतली, चादर बाजूला केली आणि हंसांची जोडी माझ्यासमोर धरली.

"मास्तर, जाता जाता एक टिचकी मारा. तुमी टिचकी मारली की पोरीला बळ येतं."

मी तेजश्रीकडं बघितलं. तिनं हळूच मान हलवली. मारा.

मी मारली. आवाज अगदी भरदार आला. तेवढा मला ऐकू आला.