जरताजची आई

जरताज मला आवडत नाही. हे लाहोरच्या सगळ्या स्टुडिओंना ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. तरी तिच्या प्रत्येक सिनेमात मी असतेच, कारण तिच्या सिनेमात आई लागते आणि माझ्याइतकी रडवणारी आई अख्ख्या पंजाबात दुसरी नाही. तिला माझी गरज, मला पोटाची. प्रेमाचं कुणी विचारू नये.

मीसुद्धा एकेकाळी हिरोईन होते. शेतातून पळत गाणी म्हटली, विहिरीवर घागरी फोडल्या. मग जरताजने स्वतःचा पहिला सिनेमा काढला. निर्माती झाली ती काही कलेची सेवा करायला नाही. बाहेरच्या सिनेमांत तिला हिरोच्या बहिणीची कामं यायला लागली होती. तंदूर आपला असला की पहिली रोटी आपल्या ताटात पडते, एवढाच हिशोब. त्या सिनेमात आई करणारी बाई आजारी पडली, तेव्हा जरताज माझ्याकडे येऊन गोड आवाजात म्हणाली, "मुसर्रत, एकच तर सीन आहे. पांढरी चादर ओढून बस. तुला कोण ओळखतंय?"

मी बसले. मूर्खासारखी बसले. लोक इतके रडले, की पुढच्या आठवड्यापासून माझ्या दारात येणारा प्रत्येक जण ती पांढरी चादर घेऊनच आला. एकदा आईची चादर डोक्यावर पडली की आमच्याकडे ती पुन्हा उतरत नाही. जरताज माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, पण तेव्हापासून सेटवर सगळ्यांदेखत ती मला 'अम्मा' म्हणते.

तेव्हापासून मी एकाच दिवसाची वाट पाहत आले. ही लाल पोशाखात नवरी होऊन पडद्यावर येईल आणि पब्लिक हसेल, तो दिवस. तो बघितला की मग मी सुखाने मरेन, असं मी नमाजात नाही, पण नमाजानंतर बऱ्याचदा म्हटलंय.

तो दिवस आणला दाराब बटने. बटसाहेब म्हणजे आमचा सगळ्यात मोठा हिरो. मिशीला काळा रंग, खांद्यावर लांब दांड्याचा गंडासा, कुऱ्हाडीसारखा, आणि पोट इतकं की लुंगीसारखा लाचा कमरेवर कुठे बांधायचा यावर ड्रेसवाल्यांचे वाद व्हायचे. तो असल्याशिवाय सिनेमा विकला जायचा नाही. जरताजने नव्या सिनेमासाठी त्याला आणि वितरक हाजी तुफैलना रॉयल पार्कातल्या आपल्या ऑफिसात बोलावलं होतं. मीही कोपऱ्यात बसले होते.

बटने दूधपत्तीत खताई बुडवली आणि विचारलं, "हिरोईन कोण?"

"मी आहे ना," जरताज म्हणाली.

"बीबी, खरं बोलू? राग नको." खताई चहात तुटून पडली, ती त्याने बोटाने काढली. "तुमच्यासोबत भांगड्यात नाचलो तर लोक म्हणतील, बट आपल्या मोठ्या बहिणीच्या लग्नात नाचतोय. तुम्ही आता माझी आई करा. शोभाल. मुसर्रतलाही जरा विश्रांती."

हाजीसाहेब चहाचा कप तोंडाला लावून आतल्या आत हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. साठीचा माणूस तिला म्हातारी म्हणत होता, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी मला ते गोड लागलं.

जरताजचा चेहरा हलला नाही. "बटसाहेब, तुमचा शब्द खाली कसा पडू देईन?" ती म्हणाली. "हिरोईन नवी पोरगी घेऊ. गाणी सगळ्यात शेवटी करू, तोवर पोरगी ठरेल. तुम्ही फक्त तारखा द्या."

"दिल्या," बट म्हणाला. गोष्ट काय आहे, हे त्याने विचारलं नाही.

विचारणार कसं? बट एका दिवसात तीन-तीन सिनेमे करायचा. सकाळी या फ्लोअरवर खून, दुपारी शेजारच्या फ्लोअरवर त्याच खुनाचा बदला, कपडे तेच. कुठल्या सिनेमात आपलं नाव काय, हेही त्याला माहीत नसायचं. कॅमेऱ्याशेजारी बसून लाली नावाचा सहायक एक-एक वाक्य सांगायचा, आणि बट ते गर्जना करून परत सांगायचा. समोरचा नट हजर नसला तर स्टूलवर त्याचा फेटा किंवा ओढणी ठेवायचे. बट त्या ओढणीवर इतकं प्रेम करायचा, की बघणाऱ्याला ओढणीचा हेवा वाटावा. आमचे सिनेमे असेच बनायचे. कुणालाही त्यात काही चूक वाटायची नाही.

मला कळलं ते माझ्याच सीनला. माझ्यासमोर स्टूल, स्टूलवर बटचा फेटा. लाली म्हणाला, "अम्मा, म्हणा: पोरीच्या बापाने असं ढसाढसा रडायचं नसतं जी, ती परक्याचं धन होती."

मी फेट्याकडे बघितलं. बटची आई मी इतक्या वेळा झाले होते, की त्याच्या सख्ख्या आईनेही त्याला इतक्या वेळा छातीशी धरलं नसेल. "लाली," मी म्हटलं, "मी याची बायको आहे?"

लालीने मान खाली घातली. "मॅडमनी सांगितलंय, बोलायचं नाही."

"आणि पोरगी कोण?"

त्याने तिरक्या नजरेने मागे बघितलं. त्याच्या मागे मेकअप करून जरताज उभी होती, अंगात नवरीचा लाल जोडा. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

सगळा डाव माझ्या लक्षात आला. बटला ती पडद्यावर स्वतःचा बाप करत होती. हिरो होता आसिम नावाचा टीव्हीवरचा कोवळा पोरगा, आणि बटला वाटत होतं की तो आपला धाकटा भाऊ आहे. आदल्या दिवशी बटने स्टूलवरच्या लाल ओढणीवर हात ठेवून म्हटलं होतं, "जा पोरी, आजपासून त्या घराची इज्जत तू." त्याला वाटलं असेल, गावातली कुणी गरीब पोर आहे. असल्या पोरींची लग्नं तो दर सिनेमात लावून द्यायचा.

मी बटला सांगू शकले असते. तो शेजारच्याच फ्लोअरवर घोड्यावर बसला होता. पण मी गप्प बसले. बटचा फजितवडा होणार होता, आणि थोरल्या भावाच्या वयाच्या माणसाची लेक होऊन बाई पडद्यावर लाजणार होती. दोन्ही एकाच तिकिटात बघायला मिळणार असताना मी कशाला तोंड उघडू?

"अम्मा, कुणाला बोललीस तर याद राख," जरताज नंतर म्हणाली.

"मी कशाला बोलू? मी तर तुझी आई," मी म्हटलं.

ईदला सिनेमा लागला. बट त्या दिवशी मुलतानात होता, दुसऱ्या सिनेमाच्या उद्घाटनाला. आपली गाणी राहिलीच आहेत, हे त्याला तीन-तीन सिनेमांच्या धांदलीत आठवलंही नव्हतं, आणि पोस्टरवर मधोमध त्याचंच रक्ताळलेलं तोंड होतं, त्यामुळे त्याला शंका यायचं कारण नव्हतं. जरताजची रीत अशी, की पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळाला बुरखा घालून बायकांच्या गॅलरीत बसायचं आणि पब्लिकचं ऐकायचं. ऑफिसातले लोक तोंडावर खोटं बोलतात, अंधारात कुणी खोटं बोलत नाही, असं ती म्हणते. मला ती दरवेळी सोबत नेते. त्या दिवशी तिने बोलवायच्या आधीच मी बुरखा चढवून तयार होते.

गॅलरी गच्च भरलेली. बायकांच्या हातावर ताजी मेंदी, पोरांच्या हातात दहीभल्ल्याचे द्रोण, कुणाच्या तरी मांडीवर तान्हं पोर रडत होतं. बट पडद्यावर आला तेव्हा खाली पुरुषांनी नेहमीसारख्या शिट्ट्या मारल्या. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की आज हा नाचत नाहीये. आज हा बाप आहे. मला वाटलं आता खुर्च्या मोडतील. पण आमचं पब्लिक कधी काय करेल याचा नेम नाही. बटने ओढणीवर हात ठेवला, "जा पोरी" म्हटलं, आणि खाली शेकडो पुरुष नाकं ओढायला लागले. माझं वाक्य आलं तेव्हा तर गॅलरीत एकही बाई कोरडी राहिली नाही. माझ्याशेजारी जरताजचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळला गेला. ती जिंकली होती. बट आता आयुष्यात कुणाचा हिरो होणार नव्हता.

आणि मग आसिमने घुंगट उचलला.

पडदाभर जरताजचा चेहरा. पावडर, नथ, झुकलेले डोळे. आमच्या पुढच्या रांगेतली, ते तान्हं पोर घेतलेली बाई डोळे पुसत होती, ती थांबली आणि शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, ही तर बापाची बहीण दिसतेय."

शेजारीण हसली. मागची हसली. खालून कुणीतरी ओरडलं, "बटसाहेब, चुकीची पोरगी पाठवलीत, बदलून आणा." मग सगळं थिएटर हसलं. आसिम पडद्यावर तिच्या हनुवटीला हात लावत होता आणि लोक पोट धरून हसत होते.

इतकी वर्षं मी या आवाजाची वाट बघितली होती. तो माझ्या कानांत शिरला आणि मला गार वाटलं. जरा वेळ तरी वाटलं.

मध्यंतराचे दिवे लागले. जरताज नकाबाआडून हळूच म्हणाली, "मुसर्रत, का हसले?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. झोपेतून उठवलं असतं तरी बिनचूक म्हटलं असतं: कारण तू म्हातारी झालीस. पण ते बोलायला तोंड उघडलं आणि मला पुढचा हिशोब दिसला. हिरोईनची खुर्ची गेली तर ही बाई जाणार कुठे? घरी बसणाऱ्यांतली ती नाही. सिनेमा तिचा, पैसा तिचा, आणि हिरोईनच्या शेजारी रिकामी करता येण्यासारखी एकच खुर्ची होती, आईची. त्या खुर्चीवर मी बसले होते.

"त्या आसिमच्या केसांच्या टोपाला हसले," मी म्हटलं. "तू सुंदर दिसतेस. अजून दहा सिनेमे आरामात."

"आसिमला टोप नाहीये," ती म्हणाली. "ते मला हसले. आणि तुला रडले. ऐकलं मी." मग ऑफिसात तारखा ठरवताना बोलते तशा आवाजात म्हणाली, "पुढच्या सिनेमात आई मी करते."

"आणि मी?"

"तू खूप केलंस. आता आराम कर."

उत्तर दिलं ते माझ्या हातांनी. मी उठले, तिचा नकाब धरला आणि खसकन ओढला. "बघा गं बायांनो," मी ओरडले, "नवरी इथेच बसलीय. हसा आता तोंडावर."

सगळ्या वळल्या. गोंधळ झाला, द्रोण सांडले, बायका खुर्च्यांवरून वाकल्या. जरताज उठून उभी राहिली. ईद असून चेहऱ्यावर पावडर नव्हती, डोळ्यांखाली काळं, कानाजवळ पांढरे केस. असं उघडं तोंड तिने कधी कुणाला दाखवलं नसेल. मी हसण्याची वाट बघत होते.

कुणी हसलं नाही. ती पुढच्या रांगेतली बाई, जिने पहिल्यांदा हसायला सुरुवात केली होती, तीच कावरीबावरी होऊन उठली. रडून लाल झालेलं पोर तिने दोन्ही हातांनी पुढे केलं. "याला नजर लागलीय जी," ती म्हणाली. "सकाळपासून दूध घेत नाही. तुम्ही जरा दुआ फुंकून दम करा."

हिरोईनकडे कुणी पोर देत नाही. हिरोईनकडे फोटो मागतात, बांगडी मागतात, साबण कुठला लावता ते विचारतात. जरताजलाही ते कळलं. मी बघितलं, तिला कळलं. क्षणभर तिचा चेहरा असा पडला, की माझाही हात नकळत पुढे झाला.

मग तिने पोर घेतलं. छातीशी धरलं, मान एका बाजूला कलती केली, ओठ हलवले आणि त्याच्या कपाळावर हळूच फुंकर घातली. पोर हुंदका देऊन गप्प झालं. बायकांनी ओढण्या डोळ्यांना लावल्या. एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, दुसरी आपली मुलगी पुढे ढकलायला लागली, आणि जरताज प्रत्येकीला तोच ओला आवाज देत होती.

मी तिचा नकाब हातात धरून उभी होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती ते काम चांगलं करत होती, माझ्याहून चांगलं.