ऑगस्ट-सामना कसा संपला

मुलांनो, शाळेमागच्या मैदानावर हल्ली ऑगस्टमध्ये नुसतं गवत वाढतं. पण एके काळी तिथे ऑगस्ट-सामना होत असे. एका बाजूला आपल्या कागद-गिरणीचा फुटबॉल संघ, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा तो अमेरिकी फुटबॉल, आणि दुसऱ्या बाजूला आसपासच्या कॉलेजांतली पोरं. हरलं-जिंकलं तरी कुठल्या तक्त्यात नोंद नाही. खरा हंगाम सुरू व्हायच्या आधी गावाला ओरडायला काहीतरी हवं, म्हणून गिरणीच्या पहिल्या मालकाने तो सुरू केला होता.

सुरुवातीला गिरणीवाले जिंकत. पुढे पोरं वर्षागणिक रुंद होत गेली आणि गिरणीवाल्यांची पोटं. मग हरण्याचीच सवय लागली. सामना संपला की जिंकणाऱ्यांच्या लोकांनी गोलचे लाकडी खांब उपटायचे, मिरवत ग्लेनच्या बिअरच्या दुकानात न्यायचे आणि करवतीने तुकडे करून वाटायचे, अशी आपल्याकडची रीत. दुसऱ्या दिवशी सुतार नवे खांब करायला घेई.

गिरणीच्या संघात अर्विन डॉबरश्टाइन होता. त्याचं काम एकच. चेंडू घेऊन समोरच्यांची शेवटची रेघ ओलांडली, म्हणजे टचडाऊन झालं, की सहा गुण मिळतात, आणि त्यानंतर चेंडू लाथेने दोन खांबांमधून, आडव्या दांड्याच्या वरून घालवला की आणखी एक. ती लाथ अर्विनची. दर वर्षी तो जिवाच्या आकांताने लाथ मारी आणि दर वर्षी चेंडू उजवीकडे वळून पार्किंगमधल्या गाड्यांवर जाऊन पडे. म्हणून त्याला सगळे ‘वाकड्या’ म्हणत. त्याची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तर तिथेही ती ‘वाकड्याची मुलगी’.

एका उन्हाळ्यात कॉलेजांनी कळवलं की यापुढे आमची पोरं येणार नाहीत, फुकटच्या सामन्यात पाय मोडले तर भरपाई कोण करणार? म्हणजे हा शेवटचा सामना. अर्विनने ते ऐकलं आणि ताटातलं सॉसेज तसंच ठेवलं.

“खा की,” त्याची बायको लॉरेटा म्हणाली.

“या वेळी चुकलं, तर थडग्यावरसुद्धा वाकड्या लिहितील.”

“थडग्यावर अक्षराला पैसे पडतात. आपली माणसं काही लिहायची नाहीत. खा.”

सामन्याच्या दिवशी सगळं गाव लोटलं. पंच होते पाद्रीबाबा हालवर्सन, कारण त्यांना कोणाला शिव्या देता येत नसत. गिरणीवाले सहा गुणांनी मागे होते. अगदी शेवटच्या क्षणी त्यांच्या एका जाड्या गड्याच्या हातात चेंडू आपसूक आला, तो घाबरून पळत सुटला आणि टचडाऊन झालं! बरोबरी!

कित्येक वर्षांत असं घडलं नव्हतं. त्यामुळे लोकांना वाटलं, आपण जिंकलोच. कुंपण मोडून सगळे आत घुसले. लाथ अजून बाकी आहे, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. डोळ्यांदेखत खांब उपटले गेले आणि मिरवणूक चालू पडली.

अर्विन मैदानात एकटाच उभा. समोर दोन खड्डे.

“पाद्रीबाबा, माझी लाथ!”

“खांब नाहीत, तर लाथ कशातून घालवणार बाळा? बरोबरी धरू.”

“मी बरोबरी धरणार नाही!”

लॉरेटा धावत दुकानात गेली. तिचा सख्खा भाऊ ग्लेन करवत घेऊन तयारच होता. तिने त्याचा कान धरला. खांब परत आले, पण आडव्या दांड्याचे तुकडे केव्हाच वाटले गेले होते. मग लॉरेटाने घरून कपडे वाळत घालायची दोरी आणून दोन्ही खांबांना ताणून बांधली. खड्डे तुडवून निम्मे बुजले होते, त्यात खांब ठरेनात. म्हणून डावा खांब पोरांच्या बापांनी आणि काकांनी आपल्या खड्ड्यावर धरला, उजवा ग्लेनने आणि गिरणीवाल्यांनी.

“कोणी हलायचं नाही,” पाद्रीबाबा म्हणाले, “देव बघतोय.”

“दाजी, काळजी करू नका,” ग्लेन ओरडला. “आम्ही आहोत!”

अर्विनने कोणाकडेच बघितलं नाही. नाक पुसलं, धावत आला आणि लाथ हाणली.

आता नीट ऐका. ग्लेनची आपल्या दाजींवर फार माया. चेंडू उजवीकडेच वळणार हे त्याला पक्कं माहीत. चेंडू सुटताक्षणी तो खांबासकट उजवीकडे पळत सुटला. गिरणीवाले त्याच्यामागे. दोरी ताणली गेली, आणि डावा खांब बापांना आणि काकांना फरपटत घेऊन निघाला.

आणि चेंडू? आयुष्यात पहिल्यांदा तो सरळ गेला. चर्चच्या शिखराएवढा उंच, बाणासारखा. खांब मात्र तोवर पार गाड्यांपाशी पोचले होते.

मग पोरांचा एक काका मातीतून उठत म्हणाला, “चुकला! खांबांच्या बाहेरून गेला!”

“अरे, तुम्ही हललात!” लॉरेटा किंचाळली.

“आम्ही कुठे हललो? आम्हाला ओढलं!”

ग्लेन खांबाला मिठी मारून रडायच्या बेतात. “दाजी, मला वाटलं तुम्ही नेहमीसारखेच...”

“गप, गाढवा!” अर्विन म्हणाला. “बाबा, तुम्ही सांगा.”

पाद्रीबाबा खड्ड्यांपाशी चालत गेले. त्यांनी एका खड्ड्याकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, दोहोंच्या मधोमध उभे राहिले आणि आभाळाकडे तोंड केलं.

“चेंडू माझ्या डोक्यावरून गेला असता,” ते म्हणाले. “खांब पळाले. खड्डे पळत नाहीत. गुण दिला!”

त्यानंतर काय गलका झाला ते विचारू नका. पोरांनीसुद्धा अर्विनला खांद्यावर घेतलं. काका तेवढे पुटपुटत राहिले. खांबांचे तुकडे पुन्हा वाटायला निघाले, पण अर्विनने एकही घेतला नाही. माळी फावडं घेऊन खड्डे बुजवायला आला, तर हा त्याच्यापुढे आडवा.

“माती टाकायची नाही. उद्या माझी मुलगी येतेय. तिला दाखवायचेत.”

मुलगी आली, बघून गेली. मग तिच्या सासूला बघायचे होते. मग तिच्या शेजारणीला. अर्विन प्रत्येकाला खड्ड्यांच्या मध्ये उभं करून मान वर करायला लावी. हिवाळा लागेपर्यंत ते खड्डे तसेच राहिले. त्यांत तिघांचे पाय मुरगळले, त्यांतले एक पाद्रीबाबा.